आधी तबली, मग वायर

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात वाद्य यायचे ते ठरलेल्या वाटेने. पेटी घ्यायची तर गाण्यातले कुणीतरी जाणते माणूस बरोबर न्यायचे. ते भाता हलवून बघणार, एकेक सूर दाबून धरणार, दोन पेट्या बाजूला सारणार आणि तिसरीकडे बोट दाखवून ‘ही घ्या’ म्हणणार. पैसे वडिलांचे, कान त्या माणसाचे. गिटारीच्या बाबतीत अशी वाट अजून पडलेली नाही. मुलगी अकरावीत जाते, किंवा मुलगा पहिल्या पगाराचे पैसे राखून ठेवतो, किंवा पन्नाशीच्या गृहस्थांना राहून गेलेली हौस आठवते, आणि मंडळी दुकानात शिरतात ती एक आकडा मनाशी धरून. तिथे गल्ल्यापलीकडून एक वाक्य ऐकू येते: ‘‘सेमी-अकूस्टिक घ्या ना, दोन्ही होतं. नुसतीही वाजते, वायर लावूनही वाजते.’’ या वाक्याला नाही म्हणणे अवघड. एका पैशात दोन वस्तू मिळत असतील तर आपण मराठी माणसे सहसा नाही म्हणत नाही. परंतु मधल्या बजेटमध्ये गिटार घेणाऱ्याला हे ‘दोन्ही होतं’ फार महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘सेमी-अकूस्टिक’ हा शब्द आपल्या बाजारात चुकीच्या वस्तूला चिकटला आहे. सेमी-अकूस्टिक म्हणजे मुळात पोकळ किंवा अर्धपोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार. गिब्सन कंपनीने १९५८ साली काढलेली ईएस-३३५ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. ती वायरीवाचून जवळपास मुकीच असते. आपल्याला दुकानात दाखवली जाते ती साधी लाकडी, पोटाला गोल भोक असलेली अकूस्टिक गिटारच. फक्त तिच्या आत आवाज पकडणारी पट्टी बसवलेली असते आणि कडेला बटणांची पेटी. तिला इलेक्ट्रो-अकूस्टिक म्हणावे. नावाला एवढे महत्त्व कशाला, असे कुणी म्हणेल. पण ‘सेमी’ म्हटले की अर्धी ही, अर्धी ती असा समज होतो, आणि तिथूनच गैरसमजाला सुरुवात होते. ती पूर्ण अकूस्टिकच असते, किंबहुना असायला हवी.

मधले बजेट म्हणजे किती? वीस ते चाळीस हजार रुपये असे मी धरतो. त्याखाली निवडीला फारसा वाव नसतो, आणि त्याच्या बराच वर गेले की बनवणाऱ्याला काटकसर करावी लागत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र प्रत्येक गिटार ही एक तडजोड असते. कारखानदाराला एका ठरावीक किमतीत लाकूड, मजुरी, खुंट्या, पॉलिश, खोके आणि नफा बसवायचा असतो. त्यात पिकअप, प्रीअँप, ट्यूनर आणि सॉकेट घातले की त्यांचे पैसे कुठून तरी काढावे लागतात. किंमत वाढवून काढले तर निदान ते आपल्याला दिसतात. लाकडातून काढले तर दिसत नाहीत.

या पट्टीचे काम कसे चालते, हे थोडे समजून घ्यायला हवे. स्वयंपाकघरात गॅसचा लायटर असतो. त्याचे बटण दाबले की आतल्या स्फटिकावर आघात होतो आणि ठिणगी उडते. दाबाखाली काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले. गिटारीतली पट्टी याच तत्त्वावर चालते. तारा ज्या घोडीवर टेकतात त्या घोडीच्या खाचेत हाडाची किंवा प्लास्टिकची एक अरुंद पट्टी उभी असते. तिच्याखाली हा पिएझो बसवतात. तार थरथरली की दाब कमीजास्त होतो, त्याची अगदी क्षीण वीज होते, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप ती पुढे पाठवतो. हा प्रकार व्यापारी पातळीवर रुजवला तो अमेरिकेतल्या ओव्हेशन कंपनीने, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तिचे संस्थापक चार्ल्स कामन हे हेलिकॉप्टर बनवणारे अभियंता. कंपनांपासून हेलिकॉप्टर वाचवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने गिटारीची कंपने पकडावीत, यात एक प्रकारची गंमत आहे.

या पट्टीला एक मर्यादा आहे आणि सगळा मुद्दा तिच्यापाशी येतो. तिला कळतो तो घोडीवरचा दाब. गिटारीच्या पोटातली हवा कशी घुमते, पुढची फळी कशी डोलते, हे तिला फारसे कळत नाही. म्हणून स्पीकरमधून येणारा आवाज टणक, किंचित प्लास्टिकसारखा लागतो. जोरात वाजवले तर बदक ओरडल्यासारखा. इंग्रजी मुलखातले वादक त्याला ‘क्वॅक’च म्हणतात. परिणामी पंधरा हजारांची आणि पस्तीस हजारांची गिटार वायर लावून वाजवली तर दोघींच्या आवाजात फरक उरतो तो थोडा. वायर काढली, की मात्र खोलीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लाकडावर घातलेला पैसा वायरीवाचून ऐकू येतो, वायरीवर घातलेला पैसा फक्त वायरीतून.

तेव्हा घेणाऱ्याने स्वतःला एक साधा हिशेब विचारावा. पुढच्या तीन वर्षांत मी ही गिटार समजा हजार तास वाजवीन. त्यातले किती तास ती स्पीकरला जोडलेली असेल? कॉलेजचे गॅदरिंग, सोसायटीच्या गणपतीतला एक कार्यक्रम, कुणाच्या तरी साखरपुड्यात दोन गाणी. सगळे मिळून दहा तास झाले तरी पुष्कळ. उरलेले नऊशे नव्वद तास ती पलंगाच्या कडेला बसून, दार लावून, शेजारच्यांना त्रास होणार नाही अशा बेताने वाजणार आहे. दहा तासांच्या सोयीसाठी नऊशे नव्वद तासांचा आवाज विकायचा का, एवढाच प्रश्न आहे.

आता लाकूड. सतारवाल्यांच्या भाषेत जिला तबली म्हणतात ती पुढची फळी म्हणजे गिटारीचा प्राण. ती एकसंध लाकडाची असेल तर तारांचे कंपन मोकळेपणाने पसरते. पातळ थर चिकटवून केलेल्या प्लायची असेल तर ती मजबूत असते, पण आवाज गोठल्यासारखा राहतो. एकसंध फळीची गिटार वाजवत राहिले की खुलते, असे वादक सांगतात. ओळखायची कशी? जाहिरातीत ‘सॉलिड स्प्रूस टॉप’ असे लिहिले असेल तर फळी एकसंध. नुसते ‘स्प्रूस टॉप’ लिहिले असेल तर ती प्लायची समजावी. ‘सॉलिड’ हा शब्द मिरवण्याजोगा असतो. ज्याच्याकडे तो आहे तो लिहायला विसरत नाही. दुसरी खूण गोल भोकाच्या कडेला. फळीच्या तोंडावरच्या बारीक रेषा कडेच्या जाडीतून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या तर एकसंध. कडेला थर दिसले तर प्लाय. काही ठिकाणी ही कड रंगाने झाकलेली असते. तिथे विचारावे, आणि उत्तर गोलमोल आले तर पुढच्या गिटारीकडे वळावे.

उदाहरणच द्यायचे तर यामाहाची एफजी ८०० ही वायर नसलेली गिटार घ्या. तिची तबली एकसंध स्प्रूसची. तिच्याच कुळातली वायरवाली एफजीएक्स ८००सी, तिचीही तबली एकसंध. फक्त किंमत काही हजारांनी जास्त. हा प्रामाणिक व्यवहार झाला. वायरीचे पैसे वेगळे मोजा. फेंडरची सीडी-६०एससीई हीसुद्धा एकसंध तबलीची आणि वायरवाली. आता त्यांच्याच शेजारी टांगलेली यामाहाची एपीएक्स ६०० पाहा. दिसायला देखणी, अंगाने पातळ, मांडीवर हलकी, आणि तबली प्लायची. ती वाईट आहे असे मुळीच नाही. एपीएक्स हे घराणे १९८७ पासून मंचासाठीच बनवले जाते, आणि मंचावर ते चोख काम करते. पण दार लावून बसणाऱ्याने तीच उचलली तर त्याला खर्ज सापडत नाही, आणि का सापडत नाही हे त्याला कुणी सांगतही नाही.

पाठ आणि बाजू यांच्या लाकडाची फार चिंता करू नये. या किमतीत त्या बहुधा प्लायच्याच असतात आणि त्याने मोठे बिघडत नाही. ‘रोझवूड आहे साहेब’ असे कुणी सांगितले तर ते बऱ्याचदा वरच्या पातळ थरापुरते खरे असते. हे रोझवूड म्हणजे आपला शिसम, ज्याचे पलंग आणि कपाटे आजोबांच्या घरात होती. ब्राझीलचे रोझवूड मिळेनासे झाले तेव्हा, १९६९ मध्ये, अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने हिंदुस्थानी शिसमाकडे मोर्चा वळवला, आणि आज जगातल्या उत्तमोत्तम गिटारींची पाठ आपल्या शिसमाची असते. २०१७ च्या जानेवारीपासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले; २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. असो.

इतके सगळे पाहून घेतलेली गिटारसुद्धा सहा महिन्यांत भिंतीला टांगली जाऊ शकते, आणि त्याचे कारण वेगळेच असते. मिरजेला सतार आणि तंबोरे बनवण्याची परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे जाऊन कुणी तंबोरा घेतला तर जवारी लावल्यावाचून तो घरी आणील काय? घोडीचा पृष्ठभाग कानसेने केसाकेसाने घासून तार त्यावर कशी टेकली पाहिजे ते ठरवणे, हे तंबोऱ्याचे अर्धे मोल. गिटारीलाही तिची अशी जवारी असते. तारा पडद्यांपासून किती उंच आहेत, मान किती वाकली आहे, नटाच्या खाचा किती खोल आहेत, हे सगळे जुळवावे लागते. मानेत लोखंडी सळई असते, ती किल्लीने फिरवता येते. घोडीवरची पट्टी खालून घासता येते. बाराव्या पडद्यापाशी जाड तारेखाली साधारण अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर अंतर असावे. कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेल्या गिटारीत ते बऱ्याचदा याहून जास्त आढळते, आणि आपण ते खोके तसेच घरी नेतो.

मग काय होते? नवशिक्याची बोटे पहिले तीन-चार आठवडे दुखतातच. ते दुखणे खरे आणि उपयोगाचे. पण तारा उंच असतील तर ते संपत नाही. विशेषतः एफ हा कॉर्ड येतो तेव्हा. पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या; नटाच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर हे काम पैलवानाचे होते. क्लासमधले गुरुजी म्हणतात, ‘सराव कमी पडतोय.’ आई म्हणते, ‘तुझं कशातच लक्ष टिकत नाही.’ आणि सतरा वर्षांची मुलगी मनाशी ठरवून टाकते की आपल्या हातात संगीत नाही. दोष तिच्या बोटांचा नसून अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हा अर्धा मिलिमीटर काढायला कारागिराला तासभर लागतो, आणि त्याची मजुरी गिटारीच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. तीस हजारांचे बजेट असेल तर अठ्ठावीसची गिटार घ्यावी आणि दोन हजार या कामासाठी बाजूला ठेवावेत, असे मी प्रत्येकाला सांगतो. वायरवाल्या गिटारीत एक खबरदारी मात्र हवी. पट्टी घासताना तिचा तळ अगदी सपाट राहिला पाहिजे, नाहीतर खालच्या पिएझोवर दाब सारखा पडत नाही आणि स्पीकरमधून एखादी तार दबकीच ऐकू येते.

वायर कुणाला लागतेच? अशी माणसे आहेत आणि त्यांना ती नाकारण्यात अर्थ नाही. वसईच्या चर्चमध्ये दर रविवारी मराठी गाण्यांना साथ करणारा मुलगा, गोव्यात हॉटेलात आठवड्यातून चार रात्री गाणारा कलावंत, बालनाट्याच्या तालमींपासून प्रयोगांपर्यंत गिटार वाहून नेणारी शिक्षिका. यांचे दहा तास म्हणजे एका महिन्याचा हिशेब. गिटारीपुढे माइक ठेवून वाजवायचे तर हलता येत नाही आणि ढोलकी शेजारी असली की माइक ढोलकीच ऐकतो. ज्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमांनी नव्वदच्या दशकात अकूस्टिक गिटारीला नवे दिवस दाखवले, त्यांतही बऱ्याच गिटारींना वायर होतीच. कर्ट कोबेनने १९९३ च्या त्या गाजलेल्या कार्यक्रमात वाजवलेली मार्टिन डी-१८ई ही तर मुळातच पिकअप बसवलेली गिटार होती. २०२० मध्ये ती लिलावात साठ लाख डॉलरला गेली.

अशा माणसाने निवड करताना बटणे मोजू नयेत. प्रीअँपवर जितकी बटणे जास्त तितके त्याच्यासाठी गिटारीच्या कुशीला कापलेले भोक मोठे, आणि बिघडण्याच्या जागाही जास्त. आवाज, खर्ज, तार आणि ट्यूनर एवढ्यावर काम भागते. मंचावरचा खरा शत्रू म्हणजे फीडबॅक, ती ऊऽऽ अशी वाढत जाणारी शिट्टी. स्पीकरचा आवाज गिटारीच्या पोटात शिरून पुन्हा घोडी हलवतो म्हणून ती येते. मोठ्या पोटाच्या ड्रेडनॉट गिटारीला ती लवकर येते, पातळ अंगाच्या गिटारीला उशिरा. गोल भोकाला रबरी झाकण लावले की बरीच आटोक्यात राहते. दुकानात ऐकताना अँपवरचा रिव्हर्ब बंद करायला सांगावे. रिव्हर्बमध्ये कोणतीही गिटार गोड लागते. सगळी बटणे मध्यावर ठेवून एकेक तार सारख्या जोराने छेडावी. सहाही तारा सारख्या ऐकू आल्या पाहिजेत. त्यानंतर वायर काढून तीच गिटार दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगावी आणि आपण समोर उभे राहून ऐकावे. वाजवणाऱ्याला ऐकू येणारी गिटार आणि ऐकणाऱ्याला ऐकू येणारी गिटार या दोन निराळ्या वस्तू आहेत.

‘घरी रेकॉर्डिंग करायचे आहे म्हणून वायर हवी’ हे कारण हल्ली फार ऐकू येते. ते मला पटत नाही. घरात ढोलकी नसते, गर्दी नसते. अशा शांत खोलीत साधा माइक बाराव्या पडद्याच्या समोर फूटभर अंतरावर ठेवला तरी पिएझोपेक्षा खरा आवाज मिळतो. पंखा बंद करावा लागतो, इतकेच.

शिवाय वायर मागाहून बसवता येते. तबली मागाहून बदलता येत नाही. भोकात अडकवायचा पिकअप पाच मिनिटांत लागतो आणि कार्यक्रम संपला की निघतो. तबलीच्या आतल्या बाजूला, घोडीखाली चिकटवायचे पिकअप मिळतात. त्यांचा आवाज घोडीतल्या पट्टीपेक्षा पुष्कळदा अधिक लाकडी लागतो. त्यासाठी पट्ट्याच्या खुंटीच्या जागी भोक मोठे करावे लागते. ते काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

एकसंध तबलीचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. ती हवा खाते. गिटारीला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा ऐंशीच्या वर असते, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पार कोरडी. पावसात तबली फुगते, घोडी वर उचलली जाते, तारा उंच होतात. जूनमध्ये सुरळीत वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये हट्टी झाली तर घाबरू नये. कोरड्या दिवसांत उलटे होते. मानेचे लाकूड आकसते, पडद्यांची टोके बोटांना बोचू लागतात, आणि फारच दुर्लक्ष झाले तर तबलीला चीर जाते. कोकणात गिटार पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. विदर्भात पेटीत ओलसर स्पंज छिद्रांच्या डबीत घालून. कूलरच्या झोतासमोर आणि बाहेरच्या बाजूच्या ओल येणाऱ्या भिंतीवर कुठेच टांगू नये. एवढे होणार नसेल तर माणसाने सरळ प्लायची गिटार घ्यावी. रत्नागिरीच्या एखाद्या घरात चार महिने खुंटीला लटकणाऱ्या एकसंध तबलीपेक्षा ती बरी.

आणि नवीच घ्यावी असे तरी कुठे आहे? पुण्यात शिकायला आलेली मुले शिक्षण संपवून परतताना सामानातली सर्वांत अडचणीची वस्तू आधी काढतात, ती गिटार. एप्रिल-मे महिन्यांत वसतिगृहांच्या आसपास चौकशी केली तर जेमतेम वाजलेल्या चांगल्या गिटारी बऱ्याच कमी किमतीत मिळतात. पाहायला जाताना एक फूटपट्टी आणि एक नवी बॅटरी बरोबर न्यावी. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद शिरतो का ते बघावे. शिरला तर घोडी सुटायला लागली आहे. डोळा मानेच्या रेषेत धरून ती पिळलेली नाही ना ते पाहावे. पिळलेली मान सळईने सरळ होत नाही. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा तरी वाजवावी. वायरवाली असेल तर बॅटरीचा कप्पा उघडावा. वायर सॉकेटमध्ये तशीच राहिली की प्रीअँप चालू राहतो, बॅटरी संपते, आणि संपलेली बॅटरी वर्षभर आत राहिली की पाझरून पत्र्यावर हिरवट पांढरी पूड धरते. पूड दिसली तर किंमत ठरवताना ती गिटार वायर नसलेलीच आहे असे धरून बोलावे.